जैविक शोषकाचा कॉलम आठवडाभरातच निकामी होतो, तेव्हा काय तपासावे

प्लेटिंगच्या लहान कारखान्यांकडून वारंवार येणारी तक्रार साधारण एकाच स्वरूपाची असते. सांडपाण्यात चुना किंवा कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) घालून धातूंचा गाळ बसवला जातो, वरचे निवळलेले पाणी वाळूच्या फिल्टरमधून जाते आणि त्यात उरलेले निकेल, तांबे किंवा क्रोमियम पकडण्यासाठी शेवटी जैविक शोषकाचा, म्हणजे पाण्यातील धातू स्वतःवर धरून ठेवणाऱ्या नैसर्गिक मालाचा, एक कॉलम बसवलेला असतो. त्यात नारळाचा काथ्या, उसाचे चिपाड, भाताचे तूस, शेंगांची टरफले, वाळवलेले समुद्रशैवाल किंवा कोळंबीच्या कवचापासून केलेले कायटोसान भरलेले असते. पहिले काही दिवस प्रयोगशाळेचा अहवाल उत्तम येतो. आठवडा उलटतो न उलटतो तोच निकेल पुन्हा मर्यादेबाहेर जाते. माल बदलला जातो आणि तेच पुन्हा घडते. मग पुरवठादार बदलतो, काथ्याच्या जागी चिपाड येते, चिपाडाच्या जागी शैवाल येते, पण दुखणे तसेच राहते.

या तक्रारीत दोष बहुतेक वेळा मालाचा नसतो, असे माझे ठाम मत आहे. पाण्यात धातू कोणत्या रूपात आहे, पीएच किती आहे, धातूच्या जोडीला आणखी कोणते आयन आहेत आणि रोज किती ग्रॅम धातू कॉलमवर येतो, या चार गोष्टी मोजल्याशिवाय माल बदलत राहिल्याने फक्त खर्च वाढतो. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकांनुसार नदीनाल्यांत सोडायच्या पाण्यात प्रतिलिटर निकेल ३, तांबे ३, जस्त ५, एकूण क्रोमियम २, षट्संयुजी क्रोमियम (हेक्झा क्रोम) ०.१ आणि शिसे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही, आणि पीएच ५.५ ते ९ च्या दरम्यान असावा लागतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आपल्या संमतिपत्रात यापेक्षा कडक आकडे असतील तर तेच बंधनकारक मानावेत. पुढील विवेचनात निकेल आणि क्रोमियम यांवर अधिक भर आहे, कारण बहुतेक तक्रारी याच दोन धातूंच्या असतात.

नमुन्यापासून सुरुवात

आउटलेटच्या एकाच बाटलीवरून निदान करू नये. एकाच वेळी दोन बाटल्या भराव्यात, त्यांपैकी एक जशीच्या तशी ठेवावी आणि दुसरी ०.४५ मायक्रॉनच्या मेंब्रेनमधून गाळून घ्यावी. त्यानंतर दोन्हींत नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणावा. गाळण्याचे काम आम्ल घालण्यापूर्वीच व्हायला हवे, कारण आम्ल आधी पडले तर कणांना चिकटलेला धातू सुटून पाण्यात येतो आणि दोन बाटल्यांमधील फरकच नाहीसा होतो.

समजा, न गाळलेल्या बाटलीत निकेल ४ मिलिग्रॅम आले आणि गाळलेल्या बाटलीत १ आले, तर शोषण व्यवस्थित चालू आहे. फक्त निकेल घेतलेले बारीक कण किंवा हायड्रॉक्साइडचा हलका गाळ पाण्याबरोबर बाहेर वाहून जात आहे. अशा वेळी कॉलमनंतर एक कार्ट्रिज फिल्टर लावला आणि माल भरण्याआधी चाळून त्यातील भुकटी काढून टाकली, की तक्रार मिटते. दोन्ही बाटल्यांत आकडा सारखाच जास्त असेल, तर धातू खरोखर विरघळलेल्या रूपात निसटत आहे आणि पुढची तपासणी करावी लागते. षट्संयुजी क्रोमियमचा नमुना मात्र वेगळा घ्यावा. त्यात आम्ल घालू नये, तो थंड पेटीत ठेवावा आणि २४ तासांच्या आत तपासून घ्यावा. आम्ल पडल्यास शोषकातून उतरलेली सेंद्रिय द्रव्येच बाटलीत क्रोमियमचे क्षपण करतात, म्हणजे षट्संयुजीचे त्रिसंयुजी रूप करतात, आणि अहवालात खोटा दिलासा मिळतो.

प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत वाट पाहण्याची गरज नाही. परीक्षानळीत आउटलेटचे ५ मिलिलिटर पाणी घ्यावे, अमोनियाचे काही थेंब टाकून ते किंचित अल्कधर्मी करावे आणि अल्कोहोलमध्ये केलेल्या डायमिथाइलग्लायऑक्झिमच्या १ टक्का द्रावणाचे दोन-तीन थेंब सोडावेत. निकेल असेल तर पाण्यात गुलाबी ते लाल ढग उतरतो. पाण्यात तांबे किंवा लोह असेल तर रंग मळकट तपकिरी दिसू शकतो, म्हणून शेजारी इनलेटच्या पाण्याची आणि साध्या पाण्याची अशा दोन नळ्या ठेवून तुलना करावी. ऑपरेटरने ही चाचणी दर पाळीला केली, तर कॉलम कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आणि हळूहळू की एकदम फुटला, म्हणजे त्यातून निकेल निसटू लागले, हे कळते, आणि या एका माहितीने अर्धे निदान होते.

धातूचा हिशोब

हळूहळू वाढत जाणारे निकेल बहुधा एवढेच सांगते की कॉलम भरला आहे. तो इतक्या लवकर का भरला, हे समजण्यासाठी एक उदाहरण मांडतो. कारखान्याचे पाणी दिवसाला ५,००० लिटर आहे, कॉलमच्या इनलेटला निकेल प्रतिलिटर १५ मिलिग्रॅम आहे आणि कॉलममध्ये ५० किलो कोरडा शोषक आहे. म्हणजे रोज ७५ ग्रॅम निकेल कॉलमवर येते. पुरवठादाराच्या पत्रकात शोषकाची कमाल क्षमता दर ग्रॅमला ४० मिलिग्रॅम लिहिलेली आहे, म्हणून ५० किलोत २,००० ग्रॅम मावेल आणि कॉलम २६ दिवस चालेल, असे गृहीत धरले जाते.

येथेच गफलत होते. लँगम्युरच्या सूत्रातील (पाण्यातील धातूच्या तीव्रतेनुसार शोषक किती धातू धरतो हे सांगणाऱ्या) कमाल क्षमता ही पाण्यात धातू भरपूर असताना गाठली जाणारी मर्यादा असते. कमी तीव्रतेच्या पाण्यात शोषक तेवढा भरत नाही. त्या सूत्रातील आकर्षणाचा स्थिरांक प्रति मिलिग्रॅम ०.०४ लिटर धरला, तर १५ मिलिग्रॅमच्या पाण्यात तोच माल दर ग्रॅमला फक्त १५ मिलिग्रॅम निकेल धरतो. मग ५० किलोत ७५० ग्रॅम मावते आणि पूर्ण भरायला दहा दिवस लागतात. आउटलेटचे पाणी मर्यादेबाहेर जायला कॉलम पूर्ण भरावा लागत नाही. साठ-सत्तर टक्के भरल्यावरच निकेल निसटू लागते. म्हणजे हिशोबानेच सहा-सात दिवस निघतात. पोत्यातील मालात दहा-बारा टक्के ओल असेल, तर तेवढा शोषकही प्रत्यक्षात कमी असतो. आठवडाभर चाललेला हा कॉलम बिघडलेला नव्हता, त्याच्याकडून अपेक्षाच चुकीच्या आकड्यावर ठेवली गेली होती.

पत्रकातील आकडे वाचताना आणखी एक गोष्ट पाहावी. शिशाचा अणुभार २०७ आणि निकेलचा ५८.७ असल्यामुळे शोषकावरील तेवढ्याच जागा शिशाने भरल्या तर मिलिग्रॅममधला आकडा साडेतीन पट मोठा दिसतो. शिवाय काथ्या, चिपाड किंवा शैवाल यांची शिशाशी ओढ निकेलपेक्षा अधिक असते. त्यामुळे शिशासाठी दिलेला दर ग्रॅमला दीडशे-दोनशे मिलिग्रॅमचा आकडा पाहून निकेलचा कॉलम आखू नये. दोन मालांची तुलना नेहमी मिलिमोलमध्ये (वजनाऐवजी अणूंच्या संख्येच्या मापात) आणि आपल्याच सांडपाण्यावर केलेल्या चाचणीवरून करावी. ऊर्ध्वपातित पाण्यात एकच धातू घालून काढलेला आकडा आराखड्यासाठी उपयोगी नाही.

यावरचा उपाय महाग नाही. एका मोठ्या कॉलमऐवजी दोन कॉलम एकापुढे एक लावावेत. पहिल्यातून निकेल निसटू लागले तरी दुसरा ते पकडतो, त्यामुळे पहिला जवळपास पूर्ण भरेपर्यंत वापरता येतो. तो भरला की त्यातला माल काढावा, दुसऱ्याला पुढे आणावे आणि नव्याने भरलेला कॉलम मागे ठेवावा. तेवढ्याच मालात अधिक दिवस मिळतात, आणि नमुना पहिल्या कॉलमनंतरच घेत असल्यामुळे धोक्याची सूचना पाणी बाहेर पडण्याआधी मिळते. इनलेटचे निकेल १५ वरून ५ वर आणणे शक्य असेल, तर आधी गाळ बसवण्याच्या टाकीकडेच लक्ष द्यावे. निकेलचा हायड्रॉक्साइड नीट बसण्यासाठी पीएच १० च्या आसपास लागतो, तर क्रोमियमचा ८ ते ९ दरम्यान बसतो. दोन्ही एकाच टाकीत ८.५ ला बसवायला गेले, की उरलेल्या निकेलचा भार कॉलमवर येतो. जैविक शोषक शेवटचा अंश टिपण्यासाठी आहे, मुख्य भार उचलण्यासाठी नव्हे.

पीएच: कॉलमच्या आधीचा आणि नंतरचा

वनस्पतिजन्य मालावर धातू धरून ठेवण्याचे काम प्रामुख्याने कार्बॉक्सिल गट करतात. पीएच ३ च्या खाली गेला की या जागा हायड्रोजन आयनांनी व्यापल्या जातात आणि निकेलला जागा उरत नाही. पीएच ५ ते ६ दरम्यान निकेल, तांबे व कॅडमियम चांगले धरले जातात. म्हणून गाळ बसवल्यानंतरचे पाणी कॉलमपूर्वी ५.५ ते ६ च्या आसपास आणावे आणि कॉलमनंतर गरजेनुसार पुन्हा वर न्यावे.

दिवसातून एकदा पीएच मोजणे पुरेसे नाही. पिकलिंगची (धातूचा गंज आम्लाने काढण्याची) टाकी संध्याकाळी रिकामी केली जाते, तासाभरासाठी पाणी २ पीएचचे होते, आणि तेवढ्या अवधीत चार-पाच दिवसांत पकडलेले निकेल सुटून एकदम बाहेर येते. सकाळी मोजल्यावर पीएच पुन्हा व्यवस्थित दिसतो. डायमिथाइलग्लायऑक्झिमच्या नोंदीत निकेल एकाएकी वर गेलेले आणि पुन्हा उतरलेले दिसले, तर हेच कारण समजावे. समीकरण टाकी (निरनिराळे प्रवाह मिसळून पाण्यातील चढउतार कमी करणारी टाकी) मोठी करणे, आम्लाची बॅच थोडीथोडी सोडणे आणि इनलेटवर कायम पीएच प्रोब ठेवून ४ च्या खाली पाणी वळवण्याची सोय करणे, हाच त्यावरचा उपाय आहे.

याच्या उलट प्रकार अधिक फसवा असतो. कॉस्टिकने किंवा चुन्याने प्रक्रिया केलेला माल नीट न धुता भरला, किंवा त्यात राख मिसळलेली असली, तर सुरुवातीचे काही दिवस आउटलेटचा पीएच ९ च्या जवळ असतो. त्या काळात निकेल शोषले जात नसून कॉलमच्या आतच हायड्रॉक्साइड होऊन साचत असते. अहवाल उत्तम येतो, पण मालातील अल्क संपताच निकेल अचानक उसळी मारते. नव्या कॉलमच्या आउटलेटचा पीएच पहिल्या दिवसापासून नोंदवून ठेवला, तर हा प्रकार लगेच ओळखता येतो. प्रक्रिया केलेला माल, धुऊन निघणाऱ्या पाण्याचा पीएच ७ च्या आसपास येईपर्यंत धुवावा. मालाची बाटलीत चाचणी घेताना त्याच पीएचची, पण माल न घातलेली एक कोरी बाटली सोबत ठेवावी. कोऱ्या बाटलीतही धातू कमी झाला, तर तेवढा भाग गाळाचा आहे, शोषणाचा नाही. १० मिलिग्रॅम तांब्याच्या पाण्यात असा गाळ पीएच ६ च्या थोडा वरच सुरू होतो, म्हणून तांब्याच्या चाचणीत कोरी बाटली वगळू नये.

आउटलेटला इनलेटपेक्षा अधिक निकेल

हा आकडा पाहून प्रयोगशाळेवर शंका घेतली जाते, पण तो खरा असू शकतो. पाण्यात निकेलबरोबर तांबे असेल, तर शोषक तांब्याला अधिक घट्ट धरतो. कॉलम ताजा असताना दोन्हींना जागा मिळते. जागा भरत गेल्या की येणारे तांबे आधी बसलेल्या निकेलला उठवून पुढे ढकलते, आणि ते उठलेले निकेल येणाऱ्या निकेलमध्ये मिसळून आउटलेटचा आकडा इनलेटच्याही वर नेते. तांब्याच्या प्लेटिंगचे रिन्स (वस्तू धुतल्याचे पाणी) वेगळे काढून त्याचा गाळ आधीच बसवला, की हा प्रकार थांबतो. तोपर्यंत कॉलम कधी बदलायचा हे तांब्यावरून न ठरवता निकेलवरून ठरवावे, कारण सर्वांत आधी तेच निसटते.

कॅल्शियम हा दुसरा प्रतिस्पर्धी आहे आणि महाराष्ट्राच्या बेसाल्ट खडकातील बोअरच्या पाण्यात तो पुरेपूर असतो. पाण्याची कठीणता कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात ४०० मिलिग्रॅम असेल, तर त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे सुमारे ४ मिलिमोल होतात. १५ मिलिग्रॅम निकेल मात्र पाव मिलिमोलच भरते. म्हणजे एका निकेल आयनामागे पंधरा-सोळा आयन त्याच जागांसाठी येतात. कॅल्शियमची पकड सैल असली तरी एवढ्या संख्येपुढे क्षमता घटतेच. गाळ बसवण्यासाठी चुना वापरला की पाण्यात आणखी कॅल्शियम येते. त्यामुळे चुन्याऐवजी कॉस्टिक वापरून पाहावे, गाळ थोडा हलका बसेल हे गृहीत धरावे, आणि रिन्ससाठी मऊ पाणी वापरणे परवडते का याचा हिशोब करावा. उन्हाळ्यात टँकरचे किंवा खोल बोअरचे पाणी सुरू झाल्यावर कॉलम लवकर संपू लागला असेल, तर सर्वप्रथम कठीणता मोजावी.

माल, पीएच आणि हिशोब सर्व ठीक असूनही निकेल पहिल्या दिवसापासूनच निसटत असेल, तर ते सायट्रेट, अमोनिया, ईडीटीए यांसारख्या द्रव्यांनी बांधलेले असण्याची दाट शक्यता आहे. विजेविना केल्या जाणाऱ्या निकेल प्लेटिंगच्या बाथमध्ये अशी द्रव्ये मुद्दाम घातलेली असतात. बांधलेले निकेल शोषकावरच्या जागांकडे वळत नाही, चुन्यानेही पूर्ण खाली बसत नाही, आणि कोणताही नैसर्गिक माल बदलून त्याचा बंदोबस्त होत नाही. तो प्रवाह उगमापाशीच वेगळा करून त्यावर स्वतंत्र प्रक्रिया करावी. सायनाइड बाथचे रिन्स तर कोणत्याही परिस्थितीत आम्लधर्मी प्रवाहात किंवा आम्लाने धुतल्या जाणाऱ्या कॉलममध्ये येता कामा नये. त्यातून निघणारा हायड्रोजन सायनाइड वायू प्राणघातक असतो.

क्रोमियमचा पिवळा रंग गेला, तरी अहवाल नापास

षट्संयुजी क्रोमियम, ज्याला कारखान्यात हेक्झा क्रोम म्हणतात, ते पाण्यात ऋणभारित रूपात असते. निकेलसाठी योग्य असलेल्या ५.५ पीएचला वनस्पतिजन्य शोषकाचा पृष्ठभागही ऋणभारित असतो, म्हणून दोघे एकमेकांना दूर ठेवतात आणि क्रोमियम सरळ निघून जाते. निकेल आणि क्रोमचे पाणी एकत्र करून एकाच कॉलममधून सोडणारे या ठिकाणी हमखास अडचणीत येतात.

पीएच २ च्या आसपास आणल्यावर चित्र बदलते, पण तेथे जे घडते त्याला निव्वळ शोषण म्हणता येत नाही. बाभळीची साल, हिरडा, काथ्या अशा टॅनिन व लिग्निनयुक्त मालावर षट्संयुजी क्रोमियमचे क्षपण होऊन त्रिसंयुजी क्रोमियम तयार होते. पिवळा रंग जातो, षट्संयुजी क्रोमियम ओळखणारे डायफिनाइलकार्बाझाइड टाकल्यावर जांभळी छटा उमटत नाही, आणि काम फत्ते झाले असे वाटते. प्रत्यक्षात त्रिसंयुजी क्रोमियम धनभारित असते आणि पीएच २ ला शोषकाला ते धरून ठेवता येत नाही, त्यामुळे त्याचा मोठा भाग पाण्यातच राहतो. षट्संयुजीचा आकडा ०.१ च्या आत आणि एकूण क्रोमियम ८ किंवा १०, अशा अहवालाचा अर्थ हाच असतो. दोन्ही चाचण्या नेहमी जोडीने मागवाव्यात. एकट्या षट्संयुजीच्या अहवालावर समाधान मानणे धोक्याचे आहे.

उपाय दोन टप्प्यांचा आहे. पहिल्या टप्प्यात पीएच २ ते २.५ ठेवून पूर्ण क्षपण होऊ द्यावे. या क्रियेला मिनिटे नव्हे, तास लागतात, आणि ती होत असताना हायड्रोजन आयन खर्ची पडत असल्यामुळे पीएच आपोआप वर सरकतो व वेग मंदावतो. म्हणून मधूनमधून आम्ल द्यावे लागते. दुसऱ्या टप्प्यात पीएच ८ ते ८.५ वर नेऊन त्रिसंयुजी क्रोमियमचा गाळ बसवावा किंवा, प्रमाण अगदी कमी असेल तर, ४.५ ते ५ पीएचला दुसऱ्या कॉलमवर ते धरावे. ज्या कारखान्यात सोडियम मेटाबायसल्फाइटने क्षपण करण्याची टाकी व्यवस्थित चालू आहे, तेथे ती काढून जैविक माल आणण्याचा सल्ला मी देणार नाही. मेटाबायसल्फाइटची क्रिया जलद होते आणि तिच्यावर नियंत्रण ठेवणे सोपे असते. जैविक मालाची जागा त्यानंतर आहे.

कॉलम तुंबतो किंवा पाणी वाट काढते

कोरडा माल भरून लगेच पाणी सोडले की तो आतल्या आत फुगतो, दाबला जातो आणि पाणी भिंतीच्या कडेने वाट काढते. माल रात्रभर भिजवून मगच भरावा, कण अर्धा ते दीड मिलिमीटर दरम्यान ठेवावेत आणि शक्य असल्यास पाणी खालून वर न्यावे, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत आणि थर दाबला जात नाही. पाणी सर्व मालातून जाते की नाही, हे पाहण्याची सोपी रीत अशी: नव्या, धातू न लागलेल्या कॉलममध्ये इनलेटला मिठाचे दाट द्रावण एकदम सोडावे आणि आउटलेटला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटर धरून दर मिनिटाला वाचन लिहावे. वर घेतलेल्या उदाहरणात ५० किलो मालाचा थर सुमारे ४०० लिटर जागा व्यापत असेल आणि पाणी तासाला सव्वासहाशे लिटर जात असेल, तर टीडीएसचे शिखर साधारण अर्ध्या तासाच्या सुमारास यायला हवे. ते पाच मिनिटांत आले, तर बहुतेक माल कामालाच लागलेला नाही. ही चाचणी वापरात असलेल्या कॉलमवर करू नये, मिठामुळे धरलेला धातू थोडाफार सुटू शकतो.

कायटोसानच्या बाबतीत तुंबण्याचे कारण वेगळे असते. ते हायड्रोक्लोरिक, नायट्रिक किंवा ॲसेटिक आम्लाच्या सौम्य पाण्यात विरघळू लागते. पीएच ६ च्या बराच खाली गेला की दाणे मऊ पडून बुळबुळीत लगदा होतो आणि प्रवाह बंद पडतो. पाणी अधूनमधून आम्लधर्मी होत असेल, तर दुवे जोडून (क्रॉसलिंक करून) स्थिर केलेलेच कायटोसान घ्यावे, आणि त्यात धातू धरणाऱ्या काही अमीन जागा खर्च होऊन क्षमता कमी होते हे हिशोबात धरावे. संत्र्याच्या सालीतील पेक्टिनही असाच चिकट थर करते. साल चुन्याच्या निवळीत भिजवून धुतल्यास तो त्रास जातो आणि धातू धरणाऱ्या जागाही वाढतात.

तपकिरी पाणी आणि सडका वास

धातू उतरला, पण पाणी चहासारखे तपकिरी झाले आणि सीओडी (पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांचे माप) प्रतिलिटर २५० मिलिग्रॅमच्या वर गेला, ही तक्रार कच्च्या मालाची आहे. चिपाडातील साखर आणि सालींतील टॅनिन पाण्यात उतरतात. धुण्याचे पाणी निवळ येईपर्यंत माल गरम पाण्याने धुवावा आणि शैवाल असल्यास त्यानंतर कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात भिजवावे, म्हणजे त्यातील अल्जिनेट कॅल्शियमशी बांधले जाऊन विरघळत नाही. कोकण किनाऱ्यावरचे सार्गासम वापरताना त्यातील मीठ आधी गोड्या पाण्याने काढले नाही, तर क्लोराइडचा आकडा नाहक वाढतो. फॉर्मल्डिहाइडने माल पक्का करण्याची पद्धतही प्रचलित आहे, पण पाणी शुद्ध करण्यासाठी विषारी द्रव्य आणणे मला पटत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ओला कॉलम बंद ठेवला की आत कुजण्याची क्रिया सुरू होते, माल काळा पडतो आणि सडक्या अंड्यांसारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड असतो. असा कॉलम उघडताना झाकणावर वाकू नये, टाकीत कोणालाही उतरवू नये आणि आधी पुरेसा वारा खेळू द्यावा. लांब सुट्टीपूर्वी पाणी पूर्ण काढून टाकणे, किंवा माल अखेरीला आलेला असेल तर तो काढूनच टाकणे, हेच बरे.

आम्लाने धुतल्यावर कॉलम आणखी बिघडतो

काथ्या, तूस किंवा चिपाड यांचे पुनरुज्जीवन करण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. माल स्वस्त असतो आणि आम्ल, पाणी व मजुरी यांचा खर्च त्याहून अधिक होतो. शैवाल किंवा कायटोसानचे दाणे मात्र पुन्हा वापरण्याजोगे असतात. त्यांच्यासाठी ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे लिटरभर पाण्यात बाजारातील संहत आम्लाचे सुमारे ९ मिलिलिटर, पुरेसे होते. कायटोसान दुवे न जोडलेले असेल तर हे आम्ल लावूच नये. कॅल्शियम भरलेल्या शैवालाला गंधकाम्ल लावल्यास आत जिप्समचे खडे धरून कॉलम तुंबू शकतो.

खरी चूक आम्लानंतर होते. आम्लाने धुतलेल्या मालाच्या सर्व जागांवर हायड्रोजन आयन बसलेले असतात. त्यावर तसेच सांडपाणी सोडले, तर पहिले निकेल पकडले जाताना ते हायड्रोजन आयन बाहेर पडतात, कॉलममधील पाणी ३ पीएचच्या आसपास उतरते आणि पुढचे निकेल सरळ निघून जाते. आम्लानंतर साध्या पाण्याने धुवून कॅल्शियम क्लोराइड व थोडे बायकार्बोनेट द्यावे आणि आउटलेटचा पीएच ५.५ ला स्थिरावल्यावरच सांडपाणी जोडावे. धुऊन निघालेले निकेलचे द्रावण प्लेटिंगच्या बाथमध्ये परत ओतण्याचा मोह टाळावा, कारण त्यातील क्लोराइड आणि सेंद्रिय द्रव्ये बाथ बिघडवतात. ते गाळ बसवण्याच्या टाकीकडे थोडेथोडे परत पाठवावे.

वापरलेल्या मालाचे काय करावे

धातू धरलेला काथ्या दिसायला शेतातील पाचटासारखाच दिसतो, आणि तो बांधावर टाकला जाण्याचा किंवा बॉयलरमध्ये जाळला जाण्याचा धोका त्यामुळेच असतो. हा माल घातक कचरा म्हणूनच हाताळावा. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांनुसार तो आवारात साधारण ९० दिवसांपेक्षा अधिक ठेवता येत नाही, आणि त्याची विल्हेवाट तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी येथल्यासारख्या अधिकृत केंद्रामार्फतच व्हायला हवी. क्रोमियम धरलेला माल जाळण्यात आणखी एक संकट आहे. मालात चुना किंवा इतर अल्क असेल, तर भट्टीच्या उष्णतेत त्रिसंयुजी क्रोमियमचा काही भाग पुन्हा षट्संयुजी होतो, आणि तो राखेतून पावसाच्या पाण्याबरोबर सहज वाहतो. माल काढल्यावर पाणी निथळू द्यावे, निथळलेले पाणी ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया संयंत्राच्या) सुरुवातीला परत घ्यावे, आणि पिशवीवर तारीख, धातूचे नाव व अंदाजे वजन लिहून ती छताखाली ठेवावी.